पांढरे पाणी आणि आपले मौन

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा बालरोगतज्ज्ञाकडून वाचकांची जी अपेक्षा असते तेच, म्हणजे लसीकरण, बाळाचा आहार किंवा तापातील झटके यांपैकी काही लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु एक विषय गेली काही वर्षे मनात घर करून बसला आहे आणि त्याविषयी लिहिण्याचे मी दरवर्षी टाळत आलो आहे. तो विषय म्हणजे स्त्रियांच्या अंगावरून जाणारे पांढरे पाणी. एका वैद्यकमित्राला हे सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, "अहो, ते स्त्रीरोगतज्ज्ञांचे खाते. आपण मुलांचे डॉक्टर, आपण त्यात कशाला पडायचे?" आपण त्यात पडलो नाही, याचा परिणाम काय होतो, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

दोन भेटी

२००३ साल. बऱ्हाणपूर नुकतेच स्वतंत्र जिल्हा झाले होते आणि माझ्या व्यवसायाचीही ती सुरुवातीचीच वर्षे होती. तापीकाठच्या एका खेड्यातून एक आई आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी अंगाने बारीक, मान खाली घातलेली. आई आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हिला सफेद पाणी जातं. हाडं झिजतील हिची. पुढं लग्नाचं कसं व्हायचं?"

बाहेर रुग्णांची रांग होती, हे खरे. पण ते केवळ निमित्त. त्या मायलेकींशी या विषयावर कोणत्या शब्दांत बोलावे, हेच मला सुचेना. पाळी सुरू होण्याच्या आधीच्या काळात असा स्राव होणे स्वाभाविक असते, हे एम.डी.च्या अभ्यासात वाचलेले होते. तरीही मी जंतांची गोळी आणि लोहाचे औषध लिहून दिले, "होईल बरं" एवढे म्हटले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

२०१९ मध्ये एक तरुण स्त्री आपली पाच दिवसांची मुलगी घेऊन आली. बाळाच्या लंगोटावर पांढरा चिकट स्राव होता आणि त्यात रक्ताचा एक लहानसा ठिपका. तिचे डोळे रडून सुजलेले होते. "साहेब, माझंच दुखणं हिला लागलं का हो?" एवढेच ती बोलू शकली. बोलता बोलता ओळख पटली. ती तीच मुलगी होती.

त्या सोळा वर्षांत काय काय घडले होते, ते तिने त्या दिवशी सांगितले. कपड्यावर डाग पडेल या भीतीने आठवीत शाळा सुटली. चूर्णे झाली, काढे झाले, नाव ठाऊक नसलेल्या गोळ्या झाल्या. लग्न ठरले तेव्हा सासरी काही बोलायचे नाही, अशी ताकीद मिळाली. कंबर दुखली, चक्कर आली, थकवा आला, की कारण एकच, पांढरे पाणी. आणि आता सासरच्या एका वडीलधाऱ्या बाईने सुचवले होते, की दुसरे मूल झाले की पिशवी काढून टाकावी, म्हणजे कटकट संपेल. या सर्व काळात तिची तपासणी मात्र एकदाही झालेली नव्हती. बाळंतपणानंतर योग्य वेळी मी तिला एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीकडे पाठविले. संसर्ग नव्हता, जखम नव्हती, काहीही नव्हते. जो आजार नव्हताच, तो ती सोळा वर्षे जगली होती. त्या आजाराच्या पहिल्या चिठ्ठीवर सही माझी होती.

निसर्गाची व्यवस्था

तेव्हापासून मी मातांशी बोलू लागलो आणि बोलताना आपल्या गावातील एका वास्तूचा आधार घेऊ लागलो. सन १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात उभारलेला आपला कुंडी भंडारा सर्वांच्या परिचयाचा आहे. सातपुड्याच्या उतारावर मुरलेले पाणी जमिनीखालून झिरपत येते आणि कुंड्यांच्या मालिकेतून वाहत राहते. झिरपणे हाच त्याचा धर्म. ते झिरपते म्हणून भंडारा बिघडला, असे कोणी म्हणत नाही. स्त्रीच्या योनिमार्गाचेही काहीसे असेच आहे. ओलावा हा तेथील दोष नसून ती तेथील व्यवस्था आहे.

ही व्यवस्था थोडक्यात अशी. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने योनिमार्गाचे अस्तर जाड होते आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन साठते. लॅक्टोबॅसिलाय नावाचे उपकारक जीवाणू तेथे वस्ती करून असतात आणि त्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते. जर्मन वैद्य आल्बर्ट डोडरलाईन यांनी या जीवाणूंचे वर्णन १८९२ मध्येच करून ठेवले आहे. दह्याच्या विरजणातील जीवाणू याच कुळातले. या आम्लामुळे तेथील सामू साधारण ३.८ ते ४.५ इतका राहतो आणि अपायकारक जंतूंना थारा मिळत नाही. गर्भाशयमुखातील ग्रंथींचा श्लेष्मा, गळून पडणाऱ्या पेशी आणि हे जीवाणू मिळून जो स्राव बनतो, तेच हे पांढरे पाणी. प्रजननक्षम वयात दिवसाला एक ते चार मिलिलिटर स्राव होणे स्वाभाविक आहे. पाळीच्या मध्यावर, बीज सुटण्याच्या सुमारास, तो पातळ, पारदर्शक, अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागासारखा ताणला जाणारा असतो. पुढे तो दाट व पांढरट होतो. गर्भारपणात तो वाढतो. कपड्यावर वाळला की त्याला पिवळसर छटा येते. या स्रावाने हाडे झिजत नाहीत, रक्त आटत नाही, शक्ती जात नाही. कंबरदुखी आणि थकवा आपल्याकडे फार आहे. पण त्याची कारणे रक्तक्षय, कष्ट, अपुरी झोप आणि अपुरे अन्न यांत शोधावी लागतात.

योनिमार्ग स्वतःला स्वच्छ ठेवतो. साबण, जंतुनाशक द्रव किंवा सुगंधी धावन आत घालण्याची आवश्यकता नाही. उलट त्यामुळे उपकारक जीवाणू नष्ट होतात आणि संसर्गाला वाट मिळते. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवावा, शौचानंतर पुढून मागे या दिशेने धुवावे, सुती अंतर्वस्त्रे वापरावीत. पाळीचे कापड वापरत असल्यास ते स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावे. आपल्या बऱ्हाणपुरात उन्हाची वानवा नाही, तरी हे कापड मात्र साडीच्या घडीखाली किंवा न्हाणीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात दमट राहते. लाज त्या कापडाला उन्हात येऊ देत नाही.

बालरोगतज्ज्ञाचा संबंध येथे येतो

या व्यवस्थेची पहिली चाहूल जन्मानंतर काही दिवसांतच लागते. आईचे इस्ट्रोजेन वारेतून बाळात आलेले असते. त्यामुळे नवजात मुलीला पांढरा स्राव होतो, कधी स्तन किंचित सुजतात, आणि ते संप्रेरक उतरू लागले की कधी रक्ताचे दोन-चार थेंबही दिसतात. दोन आठवड्यांच्या आत हे बहुधा आपोआप थांबते. औषध नको, चोळणे नको, स्तन पिळणे तर मुळीच नको.

त्यानंतर पाळीपूर्व बालपण. या वयात इस्ट्रोजेन नगण्य, अस्तर पातळ, आणि आम्लतेचे संरक्षण नसलेले. म्हणून दोन ते आठ वर्षांच्या मुलींत बाह्य भागाचा दाह वारंवार आढळतो. साबणाचा फेस, घट्ट कृत्रिम धाग्याचे कपडे, मागून पुढे धुण्याची सवय आणि रात्री वळवळणारे सूतकृमी ही त्याची नेहमीची कारणे. बुरशीचा संसर्ग मात्र या वयात विरळा. तेव्हा प्रत्येक चिमुरडीला बुरशीचे मलम लिहून देण्याची आपली सवय आपण सोडली पाहिजे. घाण वासाचा किंवा रक्तमिश्रित स्राव असेल तर आत एखादी वस्तू, मणी, कापसाचा बोळा अडकला आहे का, हे पाहावे लागते. आणि लैंगिक अत्याचाराची शक्यता मनात आणावी लागते. ती मनात आणणे क्लेशदायक आहे, पण न आणणे हा मुलीवर दुसरा अन्याय आहे. पॉक्सो कायदा, २०१२ अन्वये संशय आल्यावर कळविणे बंधनकारक आहे आणि मुलीची वैद्यकीय तपासणी स्त्री डॉक्टरनेच करावयाची आहे.

तिसरा टप्पा, माझ्या त्या रुग्णाचा. स्तनांची वाढ सुरू झाली, की पहिल्या पाळीच्या साधारण सहा महिने ते वर्षभर आधी पांढरा, वास नसलेला, खाज नसलेला स्राव सुरू होतो. तो शरीर तयार होत असल्याची खूण आहे. घरात त्याविषयी कोणी सांगितलेले नसते. मग ज्या गोष्टीने मुलीला कळायला हवे की आपण निरोगी वाढतो आहोत, त्याच गोष्टीने तिला वाटते की आपल्याला रोग जडला. हा गैरसमज ज्या वयात रुजतो, त्या वयात ती मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जात नाही. ती येते आमच्याकडे, ताप-खोकल्यासाठी. म्हणून हे खाते आमचेही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गडचिरोली आणि गोवा

एवढे वाचून "म्हणजे पांढरे पाणी ही काळजीची बाब नाही" असा निष्कर्ष कोणी काढू नये. तो तितकाच घातक ठरेल. याबाबत मराठी मुलखातील दोन अभ्यासांची आठवण देणे आवश्यक वाटते.

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची, तक्रार असो वा नसो, तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि जगाला धक्का बसला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते; सरासरी प्रत्येकीमागे ३.६ विकार. आणि त्याआधी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. तोपर्यंत खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच शासकीय आणि वैद्यकीय समजूत होती. दुखणे अफाट होते. विचारणारे कोणी नव्हते.

दुसरा अभ्यास उत्तर गोव्यातला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांशी बोलून व तपासण्या करून तो २००५ मध्ये प्रसिद्ध केला. १४.५ टक्के स्त्रियांची तक्रार अंगावर पांढरे जाण्याची होती. पण या तक्रारीचे नाते प्रजननमार्गाच्या संसर्गापेक्षा नैराश्य, चिंता आणि शरीरभर पसरलेल्या इतर अस्पष्ट दुखण्यांशी अधिक घट्ट आढळले. "अंगावरून जातं" हे वाक्य कित्येकदा "मला फार त्रास आहे" याचेच दुसरे रूप असते. सासरी दुःख सांगता येत नाही, पांढरे पाणी सांगता येते.

हे दोन अभ्यास परस्परविरोधी वाटतील, पण तसे नाही. गडचिरोली सांगते, की जी बोलत नाही तिला रोग असू शकतो. गोवा सांगतो, की जी बोलते तिला संसर्ग असेलच असे नाही. दोहोंचा धडा एकच: विचारल्यावाचून आणि तपासल्यावाचून काही कळणार नाही.

गोळी, आणि मग पिशवी

आपण मात्र नेमके हेच टाळतो. तक्रार ऐकताच चिठ्ठीवर गोळ्या उमटतात. शासकीय केंद्रांत तपासणीची सोय नसेल तेथे लक्षणांवरून उपचार करता यावेत म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने रंगांची औषधपाकिटे केली. योनिस्रावासाठी हिरव्या पाकिटात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. त्या योजनेमागचा हेतू चांगला होता आणि तिचा उपयोगही झाला. परंतु तेथील अपरिहार्य तडजोड आपण आपल्या सुसज्ज दवाखान्यातही नित्याची पद्धत करून टाकली आहे. ज्या स्त्रीला काही झालेलेच नाही, तिच्या हाती औषध ठेवणे म्हणजे "तुला रोग आहे" असा शिक्काच मारणे होय. स्वाभाविक असलेला स्राव गोळीने थांबत नाही. मग दुसरी गोळी, दुसरा डॉक्टर, आणि शेवटी "पिशवी खराब झाली आहे".

या शेवटच्या वाक्याची किंमत किती, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढल्याचे आढळले. त्यांत अनेकजणी चाळिशीच्या आतल्या. पाळीत एक खाडा पडला तरी मजुरी कापली जाते, हे त्याचे एक कारण. पण अंगावर पांढरे जाणे, पोटदुखी अशा तक्रारींवर "आता काढूनच टाका, नाहीतर कॅन्सर होईल" असे सांगितले गेल्याचेही त्या वेळी पुढे आले. बीड आपल्यापासून दूर आहे, असे मानण्याचे कारण नाही. केळीच्या बागेत राबणाऱ्या आणि यंत्रमागाच्या वस्तीत राहणाऱ्या आपल्याकडील भगिनींशी जरा बोलून पाहावे, "पिशवी काढली" हे शब्द किती सहज ऐकू येतात ते कळेल.

कर्करोगाची भीती दाखवणे सोपे असते. तो रोखण्याचे खरे मार्ग निराळे आहेत आणि तेही आपल्याच मुलखात सिद्ध झालेले आहेत. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची केवळ एक चाचणी आणि त्यानुसार उपचार, एवढ्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. ९ ते १४ वर्षे वयातील मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे, आणि २०२३ पासून पुण्यात तयार होणारी स्वदेशी लसही उपलब्ध झाली आहे. हे सांगणे आपले काम आहे. पिशवीला घाबरविणे नव्हे.

केव्हा दाखवावे

वाचक-भगिनींसाठी हे स्वतंत्रपणे लिहितो. कात्रण काढून ठेवावे.

दह्याच्या साक्यासारखा दाट स्राव आणि तीव्र खाज असेल तर बुरशीचा संसर्ग संभवतो. तो वारंवार होत असेल तर रक्तातील साखर तपासावी. पातळ, करडा, माशांसारखा वास येणारा स्राव असेल तर जीवाणूंचा समतोल बिघडलेला असतो. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव व जळजळ असेल तर ट्रायकोमोनास संभवतो. त्यात पतीनेही औषध घेतले नाही तर पत्नी बरी होत नाही. समतोल बिघडण्याच्या विकारातही पतीवर उपचार केल्यास तो उलटण्याचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर येते, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले आहे. "दोष बाईचा आणि औषधही बाईलाच" ही आपली जुनी रीत विज्ञानालाही मान्य नाही, असा याचा अर्थ.

स्रावासोबत ओटीपोटात दुखणे व ताप, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त स्राव, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा डाग दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. यांत लाज धरू नये. गर्भारपणात पाण्यासारखा पातळ स्राव एकाएकी वाहू लागला तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

शब्द कोठे हरवले?

आपल्या गावाला एका बाळंतिणीच्या मृत्यूने इतिहासात स्थान मिळाले. १६३१ मध्ये चौदाव्या अपत्याला जन्म देताना मुमताजमहल येथेच निवर्तली आणि प्रथम तापीपलीकडे जैनाबादेत तिला विसावा मिळाला. पर्यटकांना आपण ती कथा हौसेने सांगतो. स्त्रीच्या देहाविषयी आपण मृत्यूनंतर स्मारक बांधून बोलतो, जिवंतपणी नाही, असे कधी कधी वाटते.

मराठीत हे बोलण्याची परंपराच नव्हती, असे मात्र नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले आणि वाचकांच्या शरीरविषयक प्रश्नांना सरळ मराठीत उत्तरे दिली. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. नव्वद वर्षांपूर्वी ज्या विषयासाठी माणसे न्यायालयाची पायरी चढली, तो विषय आज आम्ही आमच्या दवाखान्याच्या बंद दाराआडही काढत नाही.

दोन वर्षांच्या मुलीला आपण नाक, कान, डोळे शिकवतो आणि पोटापाशी येऊन थांबतो. फार तर "शूची जागा". ज्या अवयवाला घरात नाव नाही, त्याचे दुखणे ती कोणत्या शब्दांत सांगणार? तेथे कोणी हात लावला तर काय म्हणून सांगणार? मुलीला तिच्या शरीराचे शब्द देणे हे असभ्यपणाचे नसून तिच्या संरक्षणाचे काम आहे.

आपण काय करू शकतो

माझ्या वैद्यकबंधू-भगिनींना नम्र विनंती अशी आहे. प्रसूतिगृहातून मुलीला घरी पाठविताना स्तनपान आणि लसींबरोबर आणखी दोन वाक्ये सांगावीत, की पहिल्या दोन आठवड्यांत पांढरा स्राव वा रक्ताचा ठिपका दिसल्यास घाबरू नये. दहाव्या वर्षी टीडीची लस देण्यासाठी मुलगी येते. त्या दिवशी पाच मिनिटे राखून ठेवावीत. आई सोबत असावी, परिचारिका सोबत असावी, आणि स्तनवाढ, पांढरा स्राव व पाळी या तीन गोष्टी याच क्रमाने येतील आणि तिन्ही चांगल्या आहेत, एवढे साध्या शब्दांत सांगावे. पुरुष डॉक्टरला संकोच वाटतो, हे मी अनुभवाने जाणतो. पण आपण सहज बोललो तर मुलीही सहज ऐकतात. संकोच त्या आपल्याकडूनच शिकतात.

सर्वसाधारण व्यवसाय करणाऱ्या मित्रांनी रंग, वास, खाज आणि पोटदुखी या चार गोष्टी विचारल्याखेरीज गोळी लिहू नये, आणि काहीच आढळले नाही तर "घरी सगळे ठीक आहे ना, ताई?" हा पाचवा प्रश्न अवश्य विचारावा. स्त्रीरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांना मी काय सांगावे? एवढेच, की पिशवी काढण्याचा सल्ला घेऊन आलेल्या स्त्रीला दुसरे मत घेण्याचा अधिकार आहे, हे आपण सर्वांनी मिळून तिला सांगितले पाहिजे.

समाजातील मंडळींनाही हातभार लावता येईल. आपल्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीगल्लीतून भगिनी एकत्र येतात. वाणाबरोबर अर्धा तास एखाद्या स्त्री डॉक्टरचे बोलणे ठेवले तर त्याहून चांगले वाण कोणते? पुरुषांनीही हा "बायकांचा विषय" म्हणून उठून जाऊ नये. औषधाचे पैसे, दवाखान्याची वाट आणि शस्त्रक्रियेची सही बहुतेक घरांत अजून त्यांच्याच हाती आहे.

असो. माझी ती रुग्ण आता अधूनमधून मुलीला घेऊन येते. तिच्या समाधानासाठी त्या पहिल्या भेटीत कुंडी भंडाऱ्याचा दाखला दिला, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "हे तेव्हाच सांगितलं असतं तर, साहेब?" तिच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळेच ते वाक्य मला अधिक लागले. माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

तिची मुलगी २०२९ मध्ये दहा वर्षांची होईल. टीडीच्या लसीसाठी ती येईल, तेव्हा बाहेर कितीही रुग्ण खोळंबले असले तरी मी ती पाच मिनिटे तिला देणार आहे.